‘कच्चं आहे, कुणाला देऊ नये’

कॅसेटच्या लेबलवर निळ्या बॉलपेननं लिहिलं होतं, ‘कच्चं आहे, कुणाला देऊ नये.’ ती कॅसेट माझ्याकडे निघाली, म्हणजे कुणीतरी ती दिलीच होती. पुण्यातल्या पाट्यांचं हे जुनंच आहे. वाचतात सगळे, पाळत कुणी नाही.

आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा माळा उपसताना ती सापडली. नव्वद मिनिटांची, दोन्ही बाजू भरलेली. १९९८-९९च्या सुमाराला कॉलेजातल्या चार मित्रांनी रॉक बँड काढला होता. गॅदरिंगला वाजवलं, दोन-चार कॉलेजांच्या स्पर्धा केल्या, आणि एकेकाला नोकरी लागली तसा बँड विरघळला. त्यांचं अधिकृत असं काही कधी निघालं नाही. जे आहे ते एवढंच, कर्वेनगरात ड्रमरच्या घरातल्या मागच्या खोलीत टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र) स्टुलावर ठेवून केलेलं रेकॉर्डिंग.

कॅसेटला डेक हवा आणि डेकला बेल्ट हवा. तपकीर गल्लीत एका दुकानदारानं ड्रॉवरमधल्या रबरी बेल्टांच्या गुंत्यातून एक काढला, बोटांवर ताणून बघितला आणि बसवून दिला. तरी आवाज येईना. टेप हेडवर दाबून धरणारा कॅसेटमधला स्पंजाचा तुकडा गळून पडला होता. मग पाच बारीक स्क्रू उघडले आणि टेपची दोन्ही चाकं उचलून आईच्या भजनांच्या कॅसेटच्या कवचात घातली. लेबल राहिलं जुन्या, रिकाम्या कवचावर.

पहिल्या बाजूचं तिसरं गाणं. गिटारचा सोलो चढत जातो आणि ऐन वेळी स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी होते. एक, मग दुसरी. मग ड्रमरच्या आईचा आवाज, ‘‘पोरांनो, पानं घेतलीयेत!’’ गायक न थांबता, सुरातच ‘‘आलोऽऽ’’ म्हणतो आणि पुढची ओळ उचलतो. हे मी एकट्यानं तीनदा ऐकलं. चौथ्यांदा एकट्यानं ऐकवेना, म्हणून रात्री अकराला कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठच्या आठ गाणी टाकून दिली.

सकाळपर्यंत त्यातली पाच यूट्यूबवर होती. ग्रुपमधल्या कुणीतरी प्रेमानंच चढवली होती, बँडचा जुना फोटो वगैरे लावून. दुपारी गायकाचा फोन आला.

‘‘ते काढायला सांग,’’ तो म्हणाला. ‘‘तो आवाज माझा नाहीये रे. तेव्हा मी दुसऱ्याची नक्कल करत होतो, आणि ते मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर लेबलवर लिहिलं.’’

संध्याकाळी ड्रमरचा फोन. त्याची आई दोन वर्षांपूर्वी गेली. ‘‘तिचा त्या वयातला आवाज माझ्याकडे कुठेच नव्हता,’’ तो म्हणाला, आणि नंतर बराच वेळ काही बोललाच नाही.

तीच आठ गाणी आणि त्याच बँडमधली दोन माणसं. एकाला ती पुसून टाकायची आहेत, दुसऱ्याला ती कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालंय. बँडनं न काढलेली गाणी चाहत्यांनी नेटवर वाटावीत का, यावर वाद घालताना ‘बँडची इच्छा’ असा एकवचनी शब्द आपण किती सहज वापरतो, ते मला त्या दिवशी कळलं.

या वादात दोन्हीकडची वाक्यं तयार असतात. एक बाजू म्हणते, निर्मिती ज्याची त्याची मालकी, न विचारता उचललं की ती चोरी. दुसरी म्हणते, संगीत एकदा जगात आलं की सगळ्यांचं, आणि आम्ही कुठे पैसे मिळवतोय? दुसऱ्या बाजूनं मी वीस वर्षं हिरिरीनं भांडलोय. आता माझं मत असं झालंय की जपणं हा चाहत्याचा हक्क आहे, बरेचदा कर्तव्यसुद्धा आहे. वाटणं हा मात्र हक्क नाही. ते विचारून मिळवायचं असतं. आणि आपण विचारत नाही, कारण आपल्याला माहीत असतं की उत्तर ‘नाही’ असं येऊ शकतं.

मेटालिका या अमेरिकी हेवी मेटल बँडचं उदाहरण या भांडणात हटकून येतं, तेही नेहमी उलटं धरून. १९८२ साली त्यांनी ‘नो लाइफ टिल लेदर’ नावाची डेमो कॅसेट, म्हणजे नमुन्यादाखल केलेलं कच्चं रेकॉर्डिंग, केली. ती हातोहाती, टपालानं, कॉपीवरून कॉपी होत अमेरिकाभर फिरली. न्यू जर्सीत बाजारात रेकॉर्ड विकणाऱ्या जॉन झझुलाच्या कानावर पडली, त्यानं त्यांना बोलावून घेतलं आणि १९८३मध्ये त्यांचा पहिला अल्बम निघाला. तोच बँड २००० साली नॅपस्टर या नेटवर गाण्यांची फुकट देवाणघेवाण करू देणाऱ्या सेवेविरुद्ध कोर्टात गेला. निमित्त होतं ‘आय डिसअपिअर’ या गाण्याची अर्धवट आवृत्ती, जी गाणं बाजारात यायच्या आधीच नॅपस्टरवर फिरत रेडिओ स्टेशनांवर वाजायला लागली होती. त्यांनी तीन लाखांहून जास्त वापरकर्त्यांची यादी नॅपस्टरच्या कचेरीत नेऊन दिली, आणि जगभरचे चाहते भडकले. कॅसेटी वाटूनच मोठे झालात, आता आम्ही वाटलं तर कोर्ट?

मीही तेव्हा हेच म्हणत होतो. आज वाटतं, त्यांच्या वागण्यात विसंगती नव्हती. १९८२ची कॅसेट त्यांनी स्वतः लोकांच्या हातात ठेवली होती, ती पसरावी म्हणून. २०००चं गाणं त्यांच्या हातातून गेलं होतं. लग्नात आहेर म्हणून दिलेलं पाकीट आणि खिशातून गेलेलं पाकीट, दोन्हीत नोटा तितक्याच असतील. यादी घेऊन चाहत्यांच्या मागे लागणं मूर्खपणाचं होतं, ते वेगळं.

कच्चेपणा हा आवाजाच्या दर्जाचा प्रश्न नाही, हे अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘नेब्रास्का’ या अल्बमवरून दिसतं. १९८२च्या जानेवारीत त्यानं घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, बँडला शिकवायला म्हणून गाणी मुद्रित केली. ती कॅसेट बिनाकव्हरची खिशात घालून तो हिंडत होता. मग स्टुडिओत बँडबरोबर तीच गाणी करून पाहिली आणि ती जमेनात, तेव्हा ती खिशातली कॅसेटच अल्बम म्हणून काढली. घरगुती, खरखरीत डेमो, आणि तरी पूर्ण काम. कारण ‘हे झालं’ असं म्हणणारा तो स्वतः होता. काम केव्हा पूर्ण झालं हे ठरवणं हाही कामाचाच भाग आहे. डेमो वाटणारा चाहता नेमकी तेवढी एक गोष्ट कलावंताच्या हातून काढून घेतो, आणि त्याला वाटतं की आपण फक्त फाइल घेतली.

आपल्याकडे हे समजावं, कारण आपल्याकडे रियाज नावाची गोष्ट आहे. गवयाच्या घराखाली उभं राहून रियाज ऐकल्याच्या आठवणी जुनी माणसं कौतुकानं सांगतात. तो ऐकणारा मात्र स्वर डोक्यात घेऊन घरी जात असे. त्या चुकलेल्या तानेची प्रत काढून गावभर वाटायची सोय त्याच्याकडे नव्हती, आणि असती तर बुवांनी खिडकी बंद केली असती.

मग हे सगळं माळ्यावर कुजू द्यायचं का? नाही. इथे माझं पहिल्या बाजूशीही भांडण आहे.

पुण्याच्या भारत गायन समाजावरून जाताना मला दर वेळी एक हळहळ वाटते. भास्करबुवा बखल्यांनी ती संस्था १९११ साली काढली, बालगंधर्वांना शिकवलं, ‘स्वयंवर’च्या चाली दिल्या आणि १९२२ साली ते गेले. तोपर्यंत या देशात ग्रामोफोनचं ध्वनिमुद्रण येऊन वीस वर्षं झाली होती. तरी बुवांचा आवाज आपल्याकडे नाही. बालगंधर्वांच्या तबकड्यांमधून बुवा कसे गात असतील याचा अंदाज बांधायचा. अल्लादिया खाँसाहेबांचंही तेच. समजा, उद्या कुणाच्या वाड्यात जुन्या काळी आवाज मुद्रित करायचा मेणाचा एखादा सिलिंडर सापडला, बुवांच्या नकळत, त्यांच्या मर्जीविरुद्ध भरलेला, तर मी ऐकेन का? ऐकेन, पहिल्या रांगेत बसून. हे कबूल केल्याशिवाय या विषयावर नैतिकतेच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही.

‘मालकाकडे आहे ना सुरक्षित’ हेही खोटं आहे. पुण्यात लॉ कॉलेज रोडला १९६४पासून राष्ट्रीय फिल्म संग्रहालय आहे, तरी २००३ साली जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या गोदामाला आग लागून चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मची रिळं जळाली. देशातला पहिला बोलपट ‘आलम आरा’, त्याची तर आज एकही प्रत नाही. हॉलिवूडमध्ये २००८ साली युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली, त्यात संगीताच्या मूळ टेपही होत्या. लोकांना ते कळलं २०१९मध्ये, वर्तमानपत्रानं शोधून काढलं तेव्हा. जपायला म्हणून ठेवलेल्या ठिकाणी हे होतं. आमच्या बँडच्या आठ गाण्यांचा रखवालदार कोण होता? माळा, चार पावसाळे गळलेला.

कंपन्यांच्या मालकीप्रेमाबद्दलही फार आदर बाळगायचं कारण नाही. बॉब डिलनच्या १९६७च्या घरगुती मुद्रणांतली काही ‘ग्रेट व्हाइट वंडर’ या नावानं १९६९ साली चोरट्या तबकडीवर आली. कंपनीनं त्या मुद्रणांतली काही १९७५मध्ये काढली आणि सगळा ऐवज बाहेर यायला २०१४ उजाडलं. २०१२ साली त्याच्या जुन्या अप्रकाशित मुद्रणांचा एक संच युरोपात निघाला, जेमतेम शंभर प्रतींचा. कारण काय, तर पन्नास वर्षांत प्रकाशित न झालेल्या मुद्रणावरचा हक्क तिथल्या कायद्यानं जातो. शीर्षकातच कॉपीराइट वाढवून घेण्याचा उल्लेख होता, एवढा तरी प्रामाणिकपणा. ही गाणी मधल्या काळात चोरट्या प्रतींवरून जगभर ऐकली गेली नसती तर त्यांची मागणी टिकली असती का, मला शंका आहे. तेव्हा ज्यांनी बेकायदा प्रती जपल्या त्यांनी काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही.

आपला कायदा या बाबतीत फारसा मदतीला येत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क साठ वर्षांचा, पण ती मोजायची प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून. जे प्रकाशितच झालं नाही त्याचं घड्याळ सुरूच होत नाही. मुद्रणाचा निर्माता म्हणजे ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. आमच्या बाबतीत टू-इन-वन ड्रमरच्या वडिलांचा, कोरी कॅसेट बेसवाल्यानं आणलेली, आणि रेकॉर्डचं बटण दाबलं होतं ड्रमरच्या धाकट्या बहिणीनं. शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा, आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर वाजवणाऱ्यांचेही हक्क ठळक झाले आहेत. भंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं. स्वतःपुरती प्रत ठेवून ऐकायला खाजगी वापराची सवलत आहे, पण दोनशे माणसांचा ग्रुप खाजगी आहे असं मी तरी न्यायाधीशांना सांगायला जाणार नाही. व्यवहारात पुण्यातला कुठलाही जुना बँड आपल्या मित्रांवर खटला भरत नाही. म्हणजे प्रश्न उरतो तो मित्रांच्या वागण्याचाच.

चाहते हल्ली रेडिओहेड या ब्रिटिश बँडचा दाखला देतात. २०१९मध्ये त्यांच्या ‘ओके कॉम्प्युटर’ या गाजलेल्या अल्बमच्या काळातल्या मिनिडिस्क, म्हणजे मुद्रणांच्या छोट्या डिस्क, कुणीतरी पळवल्या. बँडच्या म्हणण्यानुसार दीड लाख डॉलर मागितले. त्यांनी पैसे न देता ती सगळी, सोळा-सतरा तासांची मुद्रणं अठरा दिवसांसाठी अठरा पौंडांना विकायला काढली आणि रक्कम हवामानबदलाच्या आंदोलनाला देऊन टाकली. बघा, लीक झाल्यानं काय बिघडलं, असं म्हणतात. जगभर लाखो चाहते असलेल्या, वीस वर्षांपूर्वीच नाव झालेल्या बँडचं फार बिघडलं नाही हे खरं. अर्धवट सूर ऐकून कुणी ‘ओके कॉम्प्युटर’ला कमी लेखणार नव्हतं. पक्की वस्तू आधी लोकांपर्यंत पोचलेली होती.

लहान बँडचं उलटं असतं. पुण्यात तासावर भाड्यानं मिळणाऱ्या जॅमरूममध्ये आज जी पोरं वाजवतायत त्यांची पक्की वस्तू अजून व्हायचीय. चाल बसवताना गायक डमी शब्द म्हणतो, ‘तू ये ना, ये ना, कांदा-बटाटा’ असलं काहीही, मीटर सांभाळायला. फोनवर रेकॉर्ड करून एकमेकांना पाठवतात. त्यातलं एक कुणाच्या तरी मैत्रिणीकडून, भावाकडून बाहेर जातं. उद्या कुणी आयोजक त्यांना स्टेज द्यावं का म्हणून बँडचं नाव सर्च करतो तेव्हा पहिलं येतं ते कांदा-बटाटा, खाली ‘भावा कडक’ अशा शेदीडशे कमेंट. २०१०मध्ये एनएच७ वीकेंडर हा संगीतमहोत्सव इथे कोरेगाव पार्कात सुरू झाला तेव्हापासून या शहरातल्या प्रत्येक हौशी बँडनं मोठ्या स्टेजची स्वप्नं पाहिली आहेत. त्या दारावर पहिल्यांदा काय वाजवायचं हे त्यांना ठरवता यायला हवं. नुकसान मोजायचंच तर हे मोजा. न विकल्या गेलेल्या प्रतींचा हिशोब मोठ्या कंपन्या करतात, तो मला तितका पटत नाही.

पण गंमत अशी की ज्याचं वाटल्यानं सर्वांत जास्त बिघडतं, त्याच लहान बँडची प्रत चाहत्यानं जपली नाही तर ती कुठेच राहत नाही. त्यांच्यामागे तिजोरी नसते, आर्काइव्हिस्ट नसतो. म्हणून जपणं आणि वाटणं हे दोन वेगळे उद्योग आहेत हे चाहत्यानं शिकायला हवं. हार्डडिस्कवर दोन प्रती ठेव, एक दुसऱ्याच्या घरी ठेव, टेप पुन्हा-पुन्हा वाजवून झिजवू नकोस, कुणी कधी कुठे वाजवलं ते लिहून ठेव. हे करायला कुणाची परवानगी लागू नये. आणि अपलोडच्या बटणाआधी एक फोन.

पूर्वी फोन करणं अवघड होतं, परदेशातल्या गिटारवाल्याला कुठे गाठणार? आज सगळे एका मेसेजच्या अंतरावर आहेत. मी त्या रात्री गायकाला दोन ओळी लिहू शकलो असतो. त्याचा नंबर त्याच ग्रुपमध्ये होता. लिहिल्या नाहीत, कारण मला ती गाणी वाटायची होती, आणि तो काय म्हणेल हे लेबलवर लिहिलेलं मी वाचलं होतं. याला मी आजवर संगीतप्रेम म्हणत आलो.

उलट बाजूनं बँडवाल्यांचीही एक जबाबदारी आहे. विचारलं तर उत्तर द्या. ‘नाही’ म्हणा, ‘पाच वर्षांनी विचार’ म्हणा, ‘हे दोन टाक, बाकी नको’ म्हणा. वर्षानुवर्षं गप्प बसायचं आणि कुणी टाकलं की ओरडायचं, हे बरोबर नाही.

गेलेल्यांचं काय? अमेरिकी गायक प्रिन्स २०१६ साली मृत्युपत्र न करता गेला, मागे गाण्यांनी भरलेली तिजोरी ठेवून. २०१८मध्ये त्याच्या वारसांच्या बाजूनं १९८३ची एक घरगुती कॅसेट अल्बम म्हणून आली, नुसता पियानो आणि आवाज. ती सुंदर आहे. त्यानं काढली असती का, हे वारसही सांगू शकत नाहीत. अशा वेळी मला फिल्म संग्रहालयाची जुनी रीत बरी वाटते. वस्तू आहे, जपलेली आहे, ज्याला खरंच ओढ आहे त्यानं यावं, बसावं, बघावं, घरी जावं. ऐकू देणं आणि हवाली करणं यांत अंतर आहे, आणि नेटनं ते इतकं बुजवलं की आता ते आठवतही नाही.

आमच्या पाच गाण्यांपैकी पाचही यूट्यूबवरून निघाली. चढवणाऱ्यानं तासाभरात काढली, वर माफीही मागितली. ग्रुपवर मी ‘कृपया डिलीट करा’ लिहिलं, त्यावर चौदा अंगठे आले. किती फोनांमध्ये ती अजून आहेत, देव जाणे. बेसवाला कॅनडात आहे, त्याच्या मेसेजला अजून एकच टिक. गिटारवाला म्हणाला, ‘‘मला चालेल, पण त्याला विचार.’’ गायकाला मी पुन्हा विचारलं, या वेळी आधी. तो म्हणाला, तिसऱ्या गाण्यातला शिट्टीपासून ‘आलोऽऽ’पर्यंतचा तुकडा ड्रमरला दे, बाकी तुझ्याकडे राहू दे.

ड्रमर म्हणाला, तुकडा नको, फाइल नको. डेक चालू आहे ना? रविवारी येतो.